मधल्या चांदणीच्या दोन रेघा

जगदेवीला तिसऱ्या खेपेला मुलगा झाला आणि बारसं उरकून ती वळसंगला सासरी परत गेली, ते साल एकोणीसशे छत्तीस. त्या घरात सालं अशीच मोजायची रीत होती. वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, डोळे गेले ते जगदेवीच्या पहिल्या मुलीच्या साली, सोमलिंग डोंगरावरची नोकरी सोडून घरी आला तो दुसरीच्या साली. एका बहिणीच्या बाळंतपणांवर सगळ्या घराचा इतिहास टांगलेला होता. तिची बैलगाडी पेठेबाहेरच्या रस्त्याला लावून देऊन सोमलिंग घरच्या कापडाच्या दुकानात परत आला, तेव्हा गादीच्या कडेला, अप्पांच्या चुन्याच्या डबीखाली, एक लांबट पाकीट दाबून ठेवलेलं होतं. पोस्टमन देऊन गेला, म्हणाले अप्पा. कागद जाड आहे, लांबचा दिसतो. अप्पा आता सगळं बोटांनी वाचत. पाकिटावरचं गिचमिड अक्षर सोमलिंगनं दारातूनच ओळखलं.

पत्र वैद्यनाथन यांचं होतं. दक्षिणेत एका डोंगरावर तारे बघायची वेधशाळा होती. सोमलिंगनं तिथं आठ वर्षं काढली होती आणि वैद्यनाथन त्याचे वरिष्ठ होते. तिथं काम असं चाले. ताऱ्याचा उजेड दुर्बिणीतून घ्यायचा, बारीक फटीतून आत सोडायचा, लोलकातून पसरवायचा आणि बोटभर रुंदीच्या फोटोच्या काचेवर उतरवायचा. काच धुतली की तिच्यावर उभ्या बारीक रेघा दिसत. मग दिवसा, खिडकीशी बसून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघांची जागा स्क्रू फिरवून मोजायची. तारा आपल्याकडे येत असला तर त्याच्या रेघा एका अंगाला सरकतात, लांब जात असला तर दुसऱ्या अंगाला. जो तारा जोडीदाराभोवती फिरतो त्याच्या रेघा तर धोट्यासारख्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येत-जात राहतात. पण त्या सगळ्या धावपळीत एक रेघ जागची हलत नाही. ती ताऱ्याची नसतेच. तारा आणि आपण यांच्यामधे जी पोकळी म्हणून आपण समजतो ती अगदी रिकामी नाही, तिच्यात फार विरळ वायू पसरलेला आहे, आणि ती थांबलेली रेघ त्या वायूची. तो वायू कशाचा, तर त्यात चुन्यातलं द्रव्य आहे. सोमलिंगनं पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. जगातली सगळ्यात लांबची गोष्ट आणि अप्पांच्या डबीतली गोष्ट एकच निघाली होती.

वैद्यनाथननी लिहिलं होतं की परदेशातल्या एका मासिकात नुकताच एक लेख आलाय. काही ताऱ्यांमधे ती थांबलेली रेघ एक नसून दोन आहेत, अगदी चिकटून. म्हणजे मधला वायू एकसंध नाही. त्याचे वेगवेगळे ढग आहेत आणि प्रत्येक ढग आपापल्या चालीनं चाललाय. ज्या ताऱ्यांची नावं लेखात आहेत त्यांत मृगातला आपला मधला ताराही आहे. एकतीस सालच्या हिवाळ्यात तुम्ही त्याच्या काचा मोजल्या होत्या आणि तुमच्या वहीत दोन रेघांची मापं होती हे मला पक्कं आठवतं. तेव्हा आपलं त्यावर काय बोलणं झालं ते मात्र आता नीट आठवत नाही. दोन्ही रेघा तुम्ही खऱ्या धरल्या होत्या असं वहीवरून दिसत असेल, तर आपण हे पाच वर्षं आधी पाहिलं होतं असं मला तुमच्या नावानं छापून आणता येईल. वही रजिस्टरनं पाठवा.

अप्पांनी विचारलं, कुणाचं. सोमलिंग म्हणाला, डोंगरावरच्या साहेबांचं. खुशाली विचारलीय. तो खोटं बोलला असं नाही, अर्धंच बोलला. आणि त्या अर्ध्या बोलण्यानंच दिवस जरा तिरका झाला.

वैद्यनाथनना बोलणं आठवत नव्हतं, पण सोमलिंगला आठवत होतं. खिडकीबाहेर धुकं होतं, भिंतीला नव्या चुन्याचा वास होता. त्या दिवसांत तो मधल्या ताऱ्याच्या काचा एकेक करून मोजत होता. गावाकडं धनगर ज्याला तिकांडं म्हणतात, मृगाच्या पोटातला तीन चांदण्यांचा बाण, त्यातली ही मधली चांदणी. पहिल्याच काचेवर थांबलेली रेघ त्याला फाटलेली दिसली. डोळे चोळून त्यानं पुन्हा पाहिलं. दोन रेघा, मधे केसाइतकी फट. दुसऱ्या काचेवर तेच. तिसऱ्या काचेवर तेच. हिवाळाभरात मधल्या ताऱ्याच्या अकरा काचा निघाल्या आणि अकराही काचांवर त्याच जागी, तितक्याच अंतरावर, दोन रेघा. त्या क्षणी त्याच्या आतला वेधशाळेचा माणूस बाजूला झाला आणि नवी पेठेतला कापडवाल्याचा मुलगा पुढं आला. कारण कापडवाल्याच्या मुलाला सरळ रेघेचा अर्थ जन्मापासून ठाऊक होता. लुगड्यावर आडवा दोष आला तर तो विणणाऱ्याच्या हाताचा. पण लांबीभर एकाच जागी सरळ रेघ उतरली, एका लुगड्यावर, दुसऱ्या लुगड्यावर, तिसऱ्या, तर ती फणीची. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ज्या फणीच्या दातांतून जातात त्या फणीचा दात वाकलाय. लहानपणी अप्पा त्याला उजेडासमोर कापड धरून हे शिकवत आणि विचारत, सांग, माणसाचा की मागाचा? वेधशाळेत त्यानं स्वतःलाच उत्तर दिलं: मागाचा. उजेड सोडायच्या फटीची धार कुठंतरी मोडली असणार. त्यानं वैद्यनाथनना तसं सांगितलं, ते दमलेले होते, म्हणाले, असेल, मग पुढच्या वर्षी फट बदलू. आणि सोमलिंगनं वहीत अकरा मापांपुढं शिसपेन्सिलीनं एकेक छोटं वेटोळं काढून ठेवलं. ती त्याची स्वतःची खूण होती. दुकानात दोषाचं लुगडं परत करताना त्याच्या पदराच्या कोपऱ्याला गाठ मारून देत. वेटोळं म्हणजे गाठ. गाठ म्हणजे परत.

दुपारी पेठ सुस्तावली. गिऱ्हाईक नव्हतं, अप्पा लोडाला टेकून जागेपणीच गप्प होते. सोमलिंग माडीवर गेला आणि पेटीच्या तळातून वही घेऊन खाली आला. पाच वर्षांत तिच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या, आतलं त्याचं अक्षर मात्र तरुण होतं, आतापेक्षा सरळ. अकरा ओळी. प्रत्येक ओळीत दोन आकडे, आणि पुढं फिकट वेटोळं. शाईनं फक्त आकडे होते. वेटोळी पेन्सिलीची. म्हणजे आकडे काही खोटे नव्हते, त्यानं पाहिलेलेच होते, स्वतःच्या डोळ्यांनी, जगात कदाचित सगळ्यांच्या आधी. खोटं असेल तर ते वेटोळं. मग खोटं पुसलं तर त्यात खोटं काय. असा विचार त्याच्या डोक्यात इतक्या गोड चालीनं आला की त्याला तो आपलाच वाटला नाही. त्यानं गल्ल्याच्या कप्प्यातला रबराचा तुकडा घेतला आणि पहिलं वेटोळं खोडलं. मग दुसरं. कागद जुना होता, पण खुणेचा मागमूस राहिला नाही. तिसरं खोडताना त्याला दिसलं ते असं: तो अप्पांपुढं बसलाय, हातात छापील कागद आहे, आणि तो वाचून दाखवतोय की आकाशातला एक ढग नाही, दोन आहेत, हे पहिल्यांदा सोलापूरच्या सोमलिंग शिवप्पानं पाहिलं. अप्पा ऐकतायत. अप्पांनी त्याला डोंगरावर जाऊ दिलं तेव्हा सगळी भावकी हसली होती. कापड सोडून चांदण्या विकणार काय, असं लोक अजूनही लग्नाकार्यात विचारत. अप्पांनी त्यांना कधी उत्तर दिलं नाही. आणि मुलानं तिकडं काय केलं ते पाहायच्या आत डोळे गेले. निदान कानांनी तरी काही मिळावं, एवढंच. सोमलिंगला स्वतःसाठी नाव नको होतं. हे त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दोनदा सांगावं लागलं म्हणून जरासा थांबला.

तेवढ्यात यल्लय्या पायरीवर आला. तो साखर पेठेतला पद्मसाळी विणकर, घरात तेलुगू बोलणारा, बाहेर सगळ्यांशी सोलापुरी मराठीत. दुकान त्याला सूत देई आणि तो लुगडी विणून आणे. खांद्यावरच्या धडप्यात चार लुगडी होती. सोमलिंगनं वही मिटून मांडीखाली सारली आणि पहिलं लुगडं दारातल्या उजेडासमोर धरलं. काठापासून वीतभर आत, लांबीभर, एक फिकट रेघ. दुसऱ्यावर तीच. तिसऱ्या, चौथ्यावर तीच, त्याच जागी. त्याच्या हातांनी पुढचं सगळं आपसूक केलं. पहिल्या लुगड्याचा कोपरा धरला, पीळ दिला, गाठ मारली. अशा गाठीची सुरकुती धुतली तरी नीट जात नाही. पेठेतल्या दुसऱ्या दुकानदाराला ती बरोबर दिसते आणि तो ते लुगडं उलगडतही नाही. दुसऱ्या लुगड्याचा कोपरा त्यानं धरला, तेव्हा यल्लय्यानं हात पुढं केला.

"शेट, दम धरा. रेघ हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पर फनी चांगली हाय माझी."

सोमलिंग म्हणाला की चारही लुगड्यांवर एकाच जागी रेघ आहे, यापरता फणीचा दोष कसा असतो. यल्लय्या त्याच्याकडं न पाहता अप्पांकडं वळला. अप्पांना विचारा म्हणाला, हात लावू द्या त्यांना. अप्पांनी हात पुढं केला. सोमलिंगनं लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याची बोटं काठावरून आत सरकली, रेघेवर थांबली, पुढं गेली, मागं आली. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

"एक न्हाय की ही. जोडीनं दोन हायत," अप्पा म्हणाले. "अन् हितं खड्डा न्हाय लागत, उंचवटा लागतोय. गाठ कुणी मारली?"

"मी मारली, अप्पा."

"दुसऱ्या ताण्याचं बघितलंस?"

"चारही लुगड्यांवर आहे."

"चारी एकाच ताण्याची हायत, सोमण्णा. ताणा बिघडला तरी चारींवर रेघ येणार, फणी बिघडली तरी येणार. फणी तीच ठेवून दुसरा ताणा बघायचा. तितं रेघ न्हाय उतरली तर फणीला कशाला बोल लावायचा?"

हे अप्पा इतक्या साध्या आवाजात बोलले की पायरीवरच्या यल्लय्यानं नुसती मान हलवली. त्यात त्याला नवीन काही नव्हतं. सोमलिंगच्या हातातला दुसऱ्या लुगड्याचा कोपरा मात्र सुटला. मांडीखालची वही त्याला एकाएकी टोचायला लागली. अकरा काचा. अकराही एकाच ताऱ्याच्या. एकाच ताण्याच्या. यल्लय्या म्हणत होता की नवा ताणा परवाच चढवलाय, फणी तीच आहे, शेट, येऊन बघा. सोमलिंगनं हो म्हटलं. गाठीचं लुगडं त्यानं परत केलं नाही आणि ठेवून घेतलंही नाही. ते गादीवरच राहिलं.

संध्याकाळी जेवताना चंद्रव्वानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या धोतराकडं बोट दाखवलं. मांडीवर रबराचा काळपट चुरा अडकला होता. ती म्हणाली, पोरं शाळेत जायच्या आधी बापानंच पाटी पुसायला सुरवात केली वाटतं.  तिनं भाकरीवर शेंगाची चटणी वाढली, तेल घातलं, आणि मग जरा खाली आवाजात विचारलं, "पत्रात काय हाय? मगाधरनं तुमचं तोंड माडीवर हाय अन् तुमी हितं." तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत, आणि ती एरवी कुणाहीपेक्षा लवकर समजत असे. तिनं पहिला प्रश्न विचारला तो त्यानं अपेक्षिला नव्हता. तिकडंही चुनाच? चुनाच, तो म्हणाला. मग तिथल्या बायकांचंही दर सणाला भिंतींना चुना मारून कंबरडं मोडत असेल, असं म्हणून ती हसली. हसता हसता थांबली आणि म्हणाली, किती पुसले. तीन, तो म्हणाला. आठ राहिले मग. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. त्यात राग नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला कापड पसंत करायला वेळ द्यावा तसा तिनं त्याला वेळ दिला.

सकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर तो साखर पेठेत गेला. यल्लय्याचं घर म्हणजे एक लांब खोली आणि तिच्यात खड्ड्यात पाय सोडून बसायचा माग. आत खळीचा आणि ओल्या सुताचा वास. त्याला लहानपणी या वासानं झोप येई, वेधशाळेत पहिली दोन वर्षं हाच वास नसल्यामुळं झोप येत नसे. यल्लय्यानं त्याला मागाच्या काठावर बसवलं आणि स्वतः खड्ड्यात उतरला. नवा ताणा निळा होता. हातभर विणून झालं होतं. सोमलिंगनं वाकून पाहिलं, मग बोटं फिरवली, अप्पांनी फिरवली तशी. काठापासून वीतभर आत काहीच नव्हतं. फणीचे दात एका रांगेत, सरळ, स्वच्छ. यल्लय्या धोटा फेकत होता, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि निळ्या धाग्यांची भिंत त्या दोघांमधे थांबलेली. सोमलिंगला वाटलं, आपण आठ वर्षं हेच बघत होतो आणि हे बघायला डोंगरावर गेलो होतो. त्या वाटण्यात खंत नव्हती. उलट आत कुठंतरी एक जागा सैल झाली, घट्ट बांधलेल्या गाठोड्याची दोरी सुटावी तशी. त्याच हिवाळ्यात, त्याच फटीतून, तो दुसऱ्याही एका ताऱ्याच्या काचा मोजत होता, कधी कधी त्याच रात्रीच्या. त्या ताऱ्याची थांबलेली रेघ एकच होती, सुरेख, एकेरी. तीही वहीत होती. पुढच्याच पानावर. फणी तीच आणि ताणा दुसरा. पान उलटलं असतं तर पाच वर्षांपूर्वीच कळलं असतं. त्यानं पान उलटलं नव्हतं, कारण सरळ रेघ म्हणजे फणी, हे त्याला फार आधीपासून ठाऊक होतं.

मग रेघा कशाच्या, त्यानं विचारलं. यल्लय्यानं धोटा थांबवला आणि कोपऱ्यातून जुन्या सुताच्या उरलेल्या दोन लडी आणून त्याच्या हातात दिल्या. "दोन गठ्ठ्यांतलं सूत दिलं तुमी. दोन लडी जाडसर निघाल्या, येकाशेजारी येक बसल्या. मी बोललो न्हाय, म्हटलं खपून जाईल." मग जरा खट्याळ हसून म्हणाला, "तवा तुमी जगदेवीबाईच्या बारशाच्या गडबडीत होता, शेट. तुमचा बी दोष न्हाय. त्या लेकराचा हाय." सोमलिंगही हसला. त्यानं लडी बोटांत चोळल्या. फरक खरोखरच लागत होता, अगदी थोडा. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेलं सूत, शेजारी शेजारी, एकाच ताण्यात. एकामागं एक दोन ढग. दोघांची चाल निराळी. आणि मधे केसाइतकी फट.

यल्लय्याला घेऊन दुकानात परत आल्यावर त्यानं त्याच्यादेखत लुगड्याची गाठ सोडली. कोपऱ्याची सुरकुती तळव्यानं दाबून पाहिली, ती तशीच राहिली. हे लुगडं घरात राहील, तो म्हणाला, बाकीची तीन फळीवर. यल्लय्या गेल्यावर तो अप्पांच्या समोर बसला. लहानपणी चूक सांगायला बसत असे तसा, गुडघे जवळ घेऊन. पत्र कशाचं होतं ते त्यानं सांगितलं. मधली चांदणी, अकरा काचा, फणी, वेटोळी. छापून येणारं नाव. तीन वेटोळी खोडली हेही सांगितलं.  अप्पांनी डबी उघडली, बोटाच्या टोकावर चुना घेतला, पानाच्या शिरेवर लावला. इतका वेळ लावला की सोमलिंगला वाटलं ऐकलंच नसावं.

"म्हंजी तू लांबनं आलेल्या चांगल्या मालाला गाठ मारलीस," अप्पा म्हणाले.

"मारली."

"अन् आता गाठ मारलीच न्हवती, असं सांगनार हाईस."

सोमलिंगनं गुडघे आणखी जवळ ओढले.

"मी डोळे असताना लई जणांना गाठी मारल्या," अप्पा म्हणाले. "त्यातल्या काही चुकीच्या निघाल्या. त्या मी त्यांच्या देखत सोडल्या. माझ्याजवळ त्येवढंच हाय की, सोमण्णा, दुसरं काय हाय?" मग पान तोंडात घालून, अर्धवट बोलत, त्यांनी विचारलं, "पर दिसल्या तुला, न्हवं? दोन?"

"दिसल्या, अप्पा. अकराही वेळा."

"मग झालं की," अप्पा म्हणाले, आणि त्यांचं तोंड असं सैल, तृप्त झालं की सोमलिंगला ते पाहवेना आणि नजर काढवेना. त्याला जे छापील कागदावरून वाचून द्यायचं होतं ते त्यांनी कागदाशिवाय घेतलंही होतं.

त्याच दुपारी त्यानं पुसलेल्या तीन ठिकाणी पुन्हा वेटोळी काढली, या वेळी शाईनं. आठ फिकट आणि तीन काळी. पत्रात त्यानं लिहिलं की दोन रेघा दिसल्या हे खरं, पण मी त्या फटीचा दोष मानल्या, आणि ही खूण त्याचीच आहे. पुढच्या पानावर दुसऱ्या ताऱ्याची मापं आहेत, ती मी तेव्हा ताडून पाहायला हवी होती. शाईची तीन वेटोळी आधी पेन्सिलीची होती, ती मंगळवारी मी खोडली आणि बुधवारी परत काढली. तुम्हाला हवं तर दोघं मिळून चुकलो असं लिहा, नको तर माझ्या एकट्याचं लिहा. वही कापडात गुंडाळून, शिवून, लाखेचा शिक्का मारून तो स्वतः पोस्टात गेला. परत येताना पेठेत तीच गर्दी होती, तेच हाळी देणारे, उकडलेल्या शेंगांच्या गाडीचा तोच वाफारा, आणि त्यातून चालताना त्याला हलकं वाटत होतं, ओझं उतरल्यासारखं नव्हे, नीट तोलून खांद्यावर बसल्यासारखं.

उत्तर आलं ते संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. वैद्यनाथननी लिहिलं होतं की तुमचं पत्र वाचून मी माझीही जुनी डायरी काढली. तीत त्या दिवसापुढं एवढंच आहे: फट बदलणे. तेव्हा छापण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. पण अकराही काचा कपाटात होत्या. त्या मी नव्यानं मोजवल्या. तुमचे आकडे आणि नवे आकडे शेवटच्या स्थानापर्यंत जुळतात, आणि परदेशातल्या त्या गृहस्थाशीही जुळतात. डोळा चांगला होता तुमचा. वही परत पाठवत नाही, राग मानू नका. इथं नवीन आलेल्या मुलांना मी ती दाखवतो, वेटोळ्यांसकट, आणि पान उलटून दाखवतो.

त्या दिवशी दिवेलागणीनंतर सोमलिंगनं अप्पांना हात धरून माडीच्या गच्चीवर नेलं. चंद्रव्वानं यल्लय्याचं ते गाठीचं लुगडं नेसलं होतं, कोपऱ्याची सुरकुती कंबरेला खोचून. तिनं अप्पांसाठी चौरंग आणला. तिकांडं पूर्वेला वर आलं होतं. सोमलिंगनं अप्पांचा हात उचलून त्या दिशेला धरला आणि सांगितलं, इथं. अप्पांची तर्जनी आभाळात थोडी हलली, एका अंगाला, मग दुसऱ्या, मग थांबली, कापडावर थांबायची तशी. त्यांनी विचारलं, मधली कुठली. त्यानं बोट जरासं सरकवलं. अप्पा बराच वेळ तसा हात धरून बसले, आणि खाली जत्रेतले पाळणे करकरत होते, आणि तो हात दुखत असेल असं सोमलिंगच्या मनात आलं तरी त्यानं तो खाली घेतला नाही.

अप्पा, म्हणजे शिवप्पा, एकोणीसशे सदतीस सालच्या मार्च महिन्यात, शिवरात्रीच्या आधी चार दिवस, सकाळी पूजा आटोपून गादीवर बसले असताना गेले. वय शहात्तर होतं.